भागीरथीबाईचा ठराव

पोलादपूरला एस.टी. स्टँडसमोर माझं खत-बियाणांचं दुकान होतं. दुकानाच्या दारात एक लाकडी बाक होता. गाडीची वाट बघणारी माणसं त्यावर मांडीला मांडी लावून बसत. भागीरथीबाई येऊन टेकली की मात्र बाक रिकामा होई. तिच्या वाडीची माणसं चटका बसल्यासारखी उठत आणि खांद्यावर युरियाची गोण असली तरी उन्हात जाऊन उभी राहत. बाई मग सरकत सरकत बाकाच्या बरोबर मधोमध येई, पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढी आणि त्या उन्हातल्या माणसांकडे बघत तो सावकाश खाई.

"बरं झालं शेट," ती मला म्हणे, "आख्खा बाक माझा. मुंबैत लोकांना यवढी जागा झोपायला नसते."

तिला वाडीनं वाळीत टाकलं होतं. कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटलेली ती वाडी. नाव मी सांगणार नाही, कारण समेटाच्या वेळी तसं कबूल केलंय. वाचणाऱ्यांत तिथलं कुणी असेल तर त्याला ओळख पटेलच, आणि पटावीच. मी काही क्षमाशील माणूस नाही, आणि भागीरथीबाईच्या संगतीत राहिल्यापासून तर तो दोष माझ्यात उरलेलाच नाही.

बाई उंचीनं बेताची, हाडापेरानं मजबूत. हसली की आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. बारा महिने काळी छत्री बरोबर असे, पण उघडलेली कधी दिसली नाही. पावसात ती डोक्यावर इरलं घेई, उन्हात पदर. छत्री होती ती बोट दाखवण्यासाठी. दुकानात आली की छत्रीच्या टोकानं एकेक डबा दाखवून भाव विचारायची, आणि घ्यायचं काहीच नसलं तरी सगळे भाव ऐकूनच जायची. एकदा वैतागून मी म्हटलं, "घ्यायचं नाही तर विचारता कशाला?" तर म्हणाली, "म्हागाई किती झाली ते कळाय नको? शिव्या घालायच्या तर हिशोबानं घालाव्या."

या सगळ्याची सुरुवात सरकारच्या पैशांनी झाली.

तिची मुलगी अश्विनी, घरात आशी, दहावी चांगल्या मार्कांनी पास होऊन घरी बसली होती. महाडच्या कॉलेजात अकरावी सायन्सला नाव घातलं होतं, पण वाडीतून रोज ये-जा करून सायन्स होत नाही. प्रॅक्टिकल सुटेपर्यंत वरची शेवटची गाडी निघून गेलेली असते. महाडला राहायचं तर खोलीचं भाडं आलं, खानावळ आली. नवरा सखाराम मुंबईला एका सोसायटीत वॉचमन. आठवण झाली की तो पैसे पाठवी, आणि त्याची स्मरणशक्ती बेताची होती. जे पाठवी तेही वाडीच्या कुणा माणसाच्या हाती, आणि तो माणूस देताना चार लोकांत विचारी, "कशाला हवं व्हतं गो वयनी?" बाईला त्या विचारण्याचा राग होता. पैसे कमी असल्याचा तितका नव्हता.

अशात सरकारनं बायकांच्या खात्यात महिन्याचे दीड हजार टाकायला सुरुवात केली. पहिले हप्ते एकदम आले. बाई बँकेतून निघाली ती थेट माझ्या दुकानात शिरली आणि गल्ल्यासमोर उभी राहून म्हणाली, "शेट, माझा पगार झाला."

"कसला पगार? फुकटचे पैसे आहेत ते," मी चेष्टेनं म्हटलं.

"फुकटचं?" तिनं छत्री माझ्यावर रोखली. "जल्मभर शेणं काढली, लाकडं वाहिली, म्हाताऱ्या सासूचं केलं. कुणी हातावर रुपाया ठिवला? मागचा पगार हाय ह्यो. लेट झाला येवढंच."

दुसऱ्याच दिवशी ती आशीला घेऊन महाडला गेली. बाजारपेठेच्या मागे एका म्हातारीकडे दोन मुली राहत होत्या, तिथं तिसरी म्हणून आशीची सोय झाली. दीड हजारात काय होतं, असं माझ्या दुकानात बसून पुष्कळ लोक विचारत. काही बायांचे पैसे मोबाईलवाल्याकडे गेले, काहींचे साडीवाल्याकडे, थोडे माझ्याही गल्ल्यात आले. मी कशाला नाही म्हणू? पण त्या पैशांवर एक मुलगी महाडला सायन्सच्या वर्गात बसली, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि ते कुणालाही न विचारता झालं, म्हणूनच पुढचं रामायण घडलं.

त्या वाडीची निम्मी घरं कुलूपबंद असतात. कर्ती माणसं मुंबईला, आणि गावकीचा कारभारही मुंबईतूनच चालतो. अध्यक्ष बाळारामशेठ. तिकडे कसली तरी कंत्राटं घेतो आणि गणपती-शिमग्याला पांढरे बूट घालून डोंगर चढतो. देवीच्या देवळाचा सभामंडप अर्धा राहिला होता. त्या गणपतीत सगळे मुंबईकर आले तेव्हा देवळात सभा झाली आणि बाळारामशेठनं ठेवणीतला आवाज काढला. म्हणाला, सरकारनं आपल्या आयाबहिणींना दिलंय, आता आयाबहिणींनी आपल्या आईला द्यावं. आलेले सगळे हप्ते मंडपाला. पुरुषांनी बायकांच्या वतीनं माना डोलावल्या. बायका खाली बघत बसल्या.

मागून छत्री वर झाली. "देवी पण बाईच हाय ना?" भागीरथीबाई म्हणाली. "मंग तिचा फारम भरा. तिचं तिला येतील."

कुणीतरी खुदकन हसलं. ते हसणं बाईला महागात पडलं. पैसे दिले नाहीत हे गावकीनं कदाचित सोडून दिलं असतं, पण अध्यक्षाला भर देवळात हसलेलं कोकणात सोडत नाहीत.

दिवाळीनंतर मुंबईत मंडळाची बैठक झाली. ठराव असा: त्या घराशी कुणी बोलायचं नाही, शेजारी बसायचं नाही, त्यांच्या शेतावर जायचं नाही, देवीची पालखी त्यांच्या दारात न्यायची नाही. जो बोलेल त्याला दंड. सगळ्यांनी हात वर केले. सखारामनंही केला. बायकोला आणि स्वतःच्या आईला वाळीत टाकणाऱ्या ठरावाला या माणसानं हात वर केला. मला पुढं तो म्हणाला, "शेट, सगळ्यांनी केला म्हणून केला. मी एकट्यानं खाली ठिवला आसता तर नजरंत आला आसता."

ठराव वाडीत पोचला तेव्हा बाईनं तो नीट समजून घेतला. मग मला येऊन म्हणाली, "शेट, दंड बोलणाऱ्याला हाय. ऐकणाऱ्याला नाय. आणि मी गावकीत नाय, म्हंजी माला दंडच नाय."

गावकीची ही चूक तिच्या आधी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती विहिरीवर आपली एक शेळी घेऊन जाऊ लागली. शेळीचं नाव बाय. हंडा भरता भरता ती बायला गावाचा इतिहास सांगे. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणी भावाचा आंबा आपल्या नावावर चढवला, कुणाचा मुलगा मुंबईत कंपनीत आहे म्हणतात आणि खरा कुठं असतो. आवाज खणखणीत. भोवती बायाबापड्या, पुरुष, सगळे उभे. ऐकू सगळं येतंय आणि उत्तर देता येत नाही. बाळारामशेठची भावजय एकदा हंडा अर्धा टाकून रडत घरी गेली. एका म्हाताऱ्याला राहवलं नाही, तो शिवी देऊन बसला आणि त्याला दंड पडला. तो दंड मंडपाच्या कामात जमा झाला.

"बगा शेट," बाई खांदे हलवत म्हणाली, "मी पण देवळाला हातभार लावला."

मी एकदा सुचवलं की असं वाळीत टाकणं गुन्हा आहे, तक्रार करा, मी येतो बरोबर. तिनं मान हलवली. म्हणाली, "पोलीस आलं तर कायद्याचा न्याय हुईल. माझा कुठं हुईल?" तसंच कुणी माफ करायची गोष्ट काढली की तिचं उत्तर ठरलेलं असे: "माफ कराय देव बसलाय देवळात. तेला दुसरा धंदा नाय. माला भात लावायचाय."

पण शिमग्याला जे झालं त्यावर ती हसली नाही.

आमच्याकडे शिमग्यात पालखी घरोघर येते. अंगण सारवायचं, मधोमध पाट मांडायचा. घरच्या बाईनं पाट मांडल्याशिवाय देवी टेकत नाही. तोवर पालखी खांद्यावरच राहते, भुईला लागू द्यायची नाही. भागीरथीबाईची सासू थकलेली, पाठीत वाकलेली. तिला ठराव-बिराव काही पटत नव्हता. माणसं रुसतील, देवी कशाला रुसेल, असं तिचं म्हणणं. तिनं सकाळपासून स्वतःच्या हातानं फणसाचा जुना पाट घासला, अंगणात मांडला, ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यावर बसली. खालूबाजा वाजत आला, पालखी शेजारच्या दारात नाचली आणि या दारासमोरून पुढं गेली. म्हातारीनं पाट संध्याकाळपर्यंत कुणाला उचलू दिला नाही. "चुकली आसंल," म्हणत राहिली, "परत येल." हे सांगताना भागीरथीबाई माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा ती दुकानात आली आणि पहिल्यांदा भाव न विचारता उभी राहिली. लावणी एकट्यादुकट्याचं काम नाही. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या, अशी सावड चालते. ठरावामुळं तिची सावड तुटली होती.

"हात नायत शेट," ती म्हणाली. "रोप टाकलं तर लावणार कोण?"

मी तिला टोकण पद्धतीचं सांगितलं. गादीवाफे करायचे, ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, त्यात थेट भाताचं बी टाकायचं. चिखलणी नाही, लावणी नाही. तण मारायला सुरुवातीला फवारा लागतो. कृषी सहायकानं मला दाखवलं होतं, पण माझ्याकडून कुणी ऐकत नव्हतं. बाईनं ऐकलं, कारण तिला दुसरा मार्गच नव्हता. त्या महिन्याचा पगार खात्यात आलेला होता. त्यातून औषध घेतलं आणि लोहाराकडून भोकं पाडायचा लोखंडी साचा करून घेतला. आशी सुट्टीत आलेली होती. भागीरथीबाई साचा दाबे, आशी बी टाके आणि म्हातारी बसल्या बसल्या पुढं सरकत मातीनं भोकं बुजवी. बांधावरून माणसं जाता जाता एकमेकांना मोठ्यानं म्हणत, "भात हाय का मिरची, टोचायला?"

मग पाऊस दडला. लोकांची रोपं वाफ्यात पिवळी पडायला लागली, खाचरात चिखल होईना, आणि हिचं भात वितीएवढं वर आलेलं. बाई रोज बांधावर जाऊन बसे. शेतात काही काम असे असं नाही. "लोकं आभाळाकडं बगतात, मी लोकांकडं बगते," ती म्हणाली. "लय बरं वाटतं शेट." तिचं भात वाडीत सगळ्यात चांगलं आलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. एका खाचरात तण माजलं, पेंढाही कमी पडला. पण वर्षाचं खाणं घरात आलं, आणि आशीच्या खानावळीच्या पैशांना हात लावावा लागला नाही.

त्या गणपतीला सखाराम गावी आला. दारात पाऊल टाकून म्हणाला, "कशी हायस गो?" भागीरथीबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि शेळीला म्हणाली, "बाय, तुज्या मालकाला सांग, ह्या घराशी बोलायचं नाय आसा ठराव हाय. त्यानंच हात वर केला व्हता."

सगळ्या सुट्टीत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पाणी तापलं, जेवण वाढलं, सगळं शेळीच्या मार्फत. त्यानं बाहेर जाऊन बसावं म्हटलं तर बाहेर कुणी त्याच्याशी बोलेना, कारण तोही त्याच घरचा. स्वतःच्या ठरावात माणूस असा दोन्हीकडून अडकला. शेवटी माझ्या बाकावर येऊन बसायचा आणि उगाचच बियाणांच्या पाकिटांवरची अक्षरं वाचायचा. मला त्याची दया आली नाही. यायला हवी होती असं आमची ही म्हणते.

पावसाळा सरला आणि बाईचे पैसे थांबले. घरात चारचाकी आहे, नवऱ्याला मोठा पगार आहे, अशी कुणीतरी तक्रार केली होती. कुणी केली हे बाळारामशेठनंच कापड्यात चहा पिताना चार लोकांना ऐकवलं, त्यामुळं शोधावं लागलं नाही. तपासणीला माणूस येऊन, ते घर बघून, पैसे परत चालू होईपर्यंत काही महिने गेले. तोवर बाईनं शेळ्या विकल्या. शेवटची बाय. आशीनं महाडहून फोन केला की मी घरी येते, बारावी पुढच्या वर्षी देईन. तो फोन माझ्या दुकानातच आला होता, वाडीत रेंज नसते म्हणून.

"तू आलीस तर त्यांची देवी जिंकली गो," भागीरथीबाई म्हणाली. "आपली हारली. पेपर दिल्याबिगर उंबरा चढायचा नाय."

फोन ठेवल्यावर ती बाकावर जाऊन बसली. लाडू काढला नाही.

थंडीच्या दिवसांत म्हातारी गेली. सखाराम मुंबईहून आला, आशी महाडहून आली. वाडीतलं एक दार उघडलं नाही. तिरडीला कळकाचे बांबू तोडायला माणूस नाही, लाकडं रचायला माणूस नाही. मला निरोप आला तसा मी स्टँडवरच्या चहावाल्याला घेऊन वर गेलो. तिरडी आम्हीच बांधली. सखाराम, मी आणि चहावाला झालो, चौथा खांदा नव्हता. आशी पुढं आली आणि तिनं खांदा दिला. ओढ्यापर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना घरं आहेत. खिडक्यांतून माणसं बघत होती, दिसत होती. म्हातारीनं त्यातल्या निम्म्यांना लहानपणी न्हाऊ-माखू घातलेलं होतं. मला राग आला. अजूनही येतो.

दिवस-कार्य झालं आणि भागीरथीबाई स्वतःच माझ्याकडे आली. "चला शेट पोलिसात," म्हणाली. "आता माला कायदा पण पायजे."

तक्रारीत नावं आली तशी गावकीची मुंबईत पळापळ झाली. आठवड्याच्या आत बाळारामशेठ चार माणसं घेऊन माझ्या दुकानात हजर. बाई बाकावर मधोमध बसलेली, आणि हे तिच्यासमोर उभे.

"वयनी, झालं गेलं गंगेला मिळालं," बाळारामशेठ म्हणाला.

"तुजं गंगेला मिळालं आसंल. माजं वढ्याच्या काठाला जळालंय," बाई म्हणाली. मग छत्री जमिनीवर टेकवून पुढं बोलली, "ठराव उठवा. ठाण्यात लिवून द्या. आणि ह्या शिमग्याला पालखी पयली माज्या दारात आणा."

"आणि?"

"येवढंच."

बाळारामशेठच्या तोंडावर सुटका स्पष्ट दिसली. त्यानं निघताना माझ्या दुकानातून उगाचच एक फवारणी पंप विकत घेतला. बाईनं त्याचा भाव विचारला.

शिमग्याला मी मुद्दाम वर गेलो. भर फाल्गुनाची दुपार, डोंगर तापलेला. बाईचं अंगण हिरवंगार सारवलेलं, ओटीचं ताट तयार, सखाराम नवी टोपी घालून कोपऱ्यात. पण फणसाचा पाट भिंतीला टेकवून उभा होता. भागीरथीबाई पायरीवर बसलेली, छत्री मांडीवर आडवी.

खालूबाजा वाजत पालखी आली. पुढच्या दांडीला बाळारामशेठ, पायांत पांढऱ्या बुटांऐवजी त्या दिवशी काही नव्हतं. पालखी नाचली, घुमली, अंगणाच्या मधोमध येऊन थांबली. सगळे थांबले.

"वयनी, पाट," बाळारामशेठ म्हणाला.

"मांडायचाय," बाई म्हणाली. "आशी मांडल. आज बारावीचा शेवटचा पेपर हाय तिचा. पेपर सुटला की गाडी पकडंल, येल."

"तोवर?"

"तोवर धरा."

कुणाला वाटलं ती चेष्टा करतेय. बाळारामशेठ हसलासुद्धा. "आगो वयनी, तूच मांड की. गाडीचा काय भरवसा?"

"भरवसा नायच," बाई म्हणाली. "पाट मांडायचा मान तिचा. म्हातारीला खांदा तिनं दिलाय. तवा तुमचं खांदं कुठं व्हतं?"

पालखी भुईला ठेवता येत नव्हती, दारात आलेली देवी न टेकता फिरवता येत नव्हती. वाजंत्री वाद्यं घेऊन फणसाच्या सावलीला सरकले. ऊन अंगणात जसंच्या तसं होतं. थोड्या वेळानं दांडी एका खांद्यावरून दुसऱ्यावर, एका माणसावरून दुसऱ्यावर जायला लागली, आणि तिथं छत्री कामाला आली. "ह्याचा झाला," बाई टोकानं दाखवी. "त्याचा ऱ्हायला. तो मागं लपलाय बग, खिडकीतून बगत व्हता, तेला घ्या. बाळाराम, तू मधीच सुटलास, परत ये." म्हातारी गेली त्या दिवशी ज्या ज्या घराचं दार बंद होतं त्या त्या घरचा पुरुष दांडीखाली आला. कुंपणापलीकडे बायका उभ्या होत्या. आधी एकीनं तोंडाला पदर लावला, मग सगळ्याच जणींनी.

गावाच्या नजरेत चांगलं दिसावं म्हणून सखारामही धावत पुढं झाला. त्यानं दांडीला हात घातला तशी बाई म्हणाली, "तुजा झालाय. तू खाली बस."

ठरावानंतर ती त्याच्याशी बोलली ते हे पहिले शब्द. तो पायरीशी येऊन बसला, टोपी काढून तिच्यातच तोंड पुसायला लागला.

ऊन कलायला लागलं तेव्हा आशी पायवाटेनं वर येताना दिसली, पाठीला दप्तर. अंगणात आली आणि गोंधळून उभी राहिली. बाळारामशेठ चेहऱ्यानं लाल झालेला, शर्ट अंगाला चिकटलेला, दांडी परत त्याच्याच खांद्यावर.

"पेपर कसा गेला?" आईनं विचारलं.

"बरा गेला."

"बरा म्हंजी?"

"चांगला गेला गो आये."

"मंग हात-पाय धू. चा घे. मंग पाट मांड."

आशीनं पालखीकडे बघितलं, खालच्या माणसांकडे बघितलं, भिंतीच्या पाटाकडे बघितलं. आईचीच लेक ती, तिला कळायला वेळ लागला नाही. तिनं हात-पाय धुतले, पायरीवर बसून चहा घेतला, एक घोट पिऊन म्हणाली, "आये, साखर कमी हाय." बाई उठून साखर आणायला आत गेली, आणि डबा लवकर सापडला नाही.

मग पाट मांडला गेला. देवी टेकली. बाळारामशेठचा हात खांद्यावरून खाली येईना, दुसऱ्या हातानं धरून त्यानं तो खाली घेतला. भागीरथीबाईनं ओटी भरली, पाटावर डोकं टेकलं आणि हळू म्हणाली, "तुज्यावर राग नाय गो बाय. तुला उगाच ऊन लागलं."

निघताना बाळारामशेठनं हात जोडले. "वयनी, आता तरी झालं ना? ठराव उठला, पालखी आली. आता जुनं सगळं सोड."

"तुमचा ठराव उठला," ती म्हणाली. "माजा आजपासून."

तिचा ठराव काय ते लोकांना विहिरीवर कळलं. ती हंडा भरे आणि जाई. शेळी नव्हती, इतिहास नव्हता, शिव्या नव्हत्या. लोक आता हाक मारत, वयनी कशी हायस, आशीचा निकाल काय लागला, विचारत. ही कुणाला ओ देत नसे.

हायवेच्या कामात स्टँडसमोरची दुकानं गेली, त्यात माझंही गेलं. मी महाडला राहायला आलो. दुकान बंद करायच्या थोडे दिवस आधी तिला शेवटचं पाहिलं. आशी पास झाली होती, नर्सिंगला नाव घालायचं होतं, आणि बाई पगार काढून आली होती. बाकावर तिच्या वाडीची माणसं बसलेली. ती दिसताच सगळी घाईघाईनं सरकली, मधोमध जागा केली. एकानं तर टॉवेलानं बाक पुसला. "बसा वयनी," म्हणाला.

भागीरथीबाई त्यांच्यासमोर उन्हात जाऊन उभी राहिली. तिनं छत्री उघडली, पिशवीतून लाडू काढला आणि बाकावरच्या माणसांकडे बघत तो सावकाश खायला लागली.